माजी सैनिक कुटुंबांसाठी कामाचा धागा: पीपीओवरचं नाव, स्पर्श, ईसीएचएस, शिष्यवृत्ती आणि नोकरी

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

जय हिंद मंडळी.

फौजेतून उतरलेल्या माणसाच्या घरी एक पत्र्याची ट्रंक असते आणि तिच्या तळाशी एक प्लास्टिकची पिशवी. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), ईसीएचएस कार्ड (माजी सैनिकांच्या औषधोपचार योजनेचं), कँटीन कार्ड, ग्रुप इन्शुरन्सचे कागद, सगळं त्यात. माणूस आहे तोवर पिशवी उघडायची वेळ येत नाही. तो गेल्यावर उघडली जाते आणि तेव्हा कळतं की पत्नीच्या रकान्यात काहीतरी भलतंच लिहिलंय.

म्हणून सुरुवात तिथूनच करतो. आज घरी बसून एवढं ताडून बघा: स्वतःचं नाव, जन्मतारीख, पत्नीचं नाव, पत्नीची जन्मतारीख, मुलांची नावं आणि जन्मतारखा. या नोंदी पाच ठिकाणी सारख्या हव्यात: डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार, पॅन, बँक पासबुक. स्पेलिंगसकट. पीपीओ इंग्रजीत असतो, त्यामुळे मराठीत एकच दिसणारं नाव तिथं दोन प्रकारे लिहिलेलं निघतं.

आपल्याकडे ही गडबड जास्त होते, कारण लग्नात मुलीचं नाव बदलण्याची रीत. समजा माहेरचं नाव शकुंतला, सासरचं सुमन. रेकॉर्ड ऑफिसला (रेजिमेंटच्या सेवा-नोंदी ठेवणारं कार्यालय) पार्ट टू ऑर्डर (लग्न, मुलं अशा बदलांची अधिकृत नोंद) निघाली तेव्हा क्लार्कने नुसतं 'सुमन' घातलं, पुढे पतीचं नाव नाही, आडनाव नाही. आधारवर 'सुमनबाई' आणि पुढे पतीचं नाव, आडनाव. पॅन शाळेच्या दाखल्यावरून काढलं, तिथे शकुंतला. एकाच बाईंची तीन नावं, आणि स्पर्शच्या (संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीच्या) लेखी तीन वेगळ्या बाया.

ज्यांना नेमकी माहिती आहे त्यांनी भर घाला. पेन्शन, औषधपाणी, मुलांचं शिक्षण, नोकरी, सगळं चालेल.

---

वाईकर

चांगला धागा. नाव जुळत नसेल तर नोटरीकडून प्रतिज्ञापत्र केलं की झालं ना? बहुतेक जण तेवढंच करतात.

---

जीडी_क्लार्क

नाही झालं. फरक कोणत्या प्रकारचा आहे त्यावर कागद ठरतात.

फरक किरकोळ असेल, म्हणजे 'सुमन' आणि 'सुमनबाई', किंवा आडनाव नाही, किंवा स्पेलिंगचा एक अक्षराचा फेर, तर 'या दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे' असं प्रतिज्ञापत्र चालतं. पण ते न्यायदंडाधिकाऱ्यासमोर केलेलं असलं तर रेकॉर्ड ऑफिस परत पाठवत नाही. नोटरीचं कधी घेतात, कधी परत करतात. एकदा परत आलं की पुढचे दोन-तीन महिने गेले.

नाव पूर्ण वेगळं असेल (शकुंतला आणि सुमन) तर राजपत्रात नाव बदल प्रसिद्ध करून घ्या. राज्याच्या शासकीय मुद्रण विभागाकडे ऑनलाइन अर्ज होतो. राजपत्राची प्रत, विवाह नोंदणीचा दाखला, आधार, पॅन, पतीच्या सहीचा अर्ज आणि दोघांचा एकत्र फोटो असा संच करून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून साक्षांकित करायचा आणि मग रेकॉर्ड ऑफिसला स्पीड पोस्टाने. रेकॉर्ड ऑफिस तपासून पुढे पाठवतं आणि प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शन कार्यालयातून (संरक्षण खात्याचं पेन्शन लेखा कार्यालय) दुरुस्तीचा पीपीओ निघतो. तो निघाल्याशिवाय काम पूर्ण झालं असं धरू नका. 'नोंद घेतली' असं रेकॉर्ड ऑफिसचं पत्र म्हणजे दुरुस्तीचा पीपीओ नव्हे.

विवाह नोंदणीच नसेल तर लग्नाला चाळीस वर्षं झाली असली तरी ती आता होते. ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत नमुना 'ड' भरायचा, तीन साक्षीदार, लग्नपत्रिका नसेल तर तसं प्रतिज्ञापत्र. पती हयात असताना हे एका आठवड्याचं काम आहे. पती गेल्यावर तेच काम कोर्टाच्या दारापर्यंत जाऊ शकतं.

अजून एक. आधी आधार नीट करा, मग पॅन, मग बँक, आणि सगळ्यात शेवटी रेकॉर्ड ऑफिसला अर्ज. उलट केलंत तर पीपीओ नव्या नावाने येतो आणि आधार पुन्हा वेगळंच राहतं.

---

खडकी_सॅपर

कुठलं रेकॉर्ड ऑफिस कुठे, हेही घरच्यांना ठाऊक नसतं. महाराष्ट्रातल्या घरांत ज्यांची नावं वारंवार येतात ती देतो. मराठा लाइट इन्फंट्री बेळगाव, बॉम्बे इंजिनिअर ग्रुप खडकी, महार रेजिमेंट सागर (मध्य प्रदेश), तोफखाना नाशिक रोड, रणगाडा दल आणि मेकनाइज्ड इन्फंट्री अहिल्यानगर, सिग्नल्स जबलपूर, ईएमई (यंत्रदुरुस्तीची कोअर) सिकंदराबाद. हवाई दलाचं सुब्रोतो पार्क, दिल्ली. नौदलाच्या खलाशांचं ब्युरो ऑफ सेलर्स, मुंबईत मानखुर्दला.

पत्रावर आर्मी नंबर, हुद्दा, नाव आणि युनिट असं चारही हवं. नुसता पीपीओ नंबर टाकला तर फाईल शोधायलाच वेळ जातो. आणि हा आर्मी नंबर पत्नीला पाठ असू द्या. खरंच सांगतो, बारशाच्या तारखेसारखा पाठ असू द्या.

---

अनुराधा_नगर

दोन प्रश्न.

१. फॅमिली पेन्शन नॉमिनीला मिळते का? काही घरांत नॉमिनी म्हणून आईचं नाव असतं.

२. पती निवृत्तीनंतर गेले तर पत्नीला नेमकी किती मिळते? प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो.

---

जीडी_क्लार्क

अनुराधाताई, पहिल्याचं उत्तर: नाही. फॅमिली पेन्शन नॉमिनेशनने ठरत नाही, नियमाने ठरते. पत्नी हयात असेल तर पहिला हक्क तिचा. नॉमिनेशन चालतं ते ग्रुप इन्शुरन्स, भविष्य निधी, पेन्शनची राहिलेली थकबाकी यांना. त्यामुळे लग्नाआधी भरलेल्या फॉर्मवर आईचं नाव राहिलं असेल तर विम्याची रक्कम तिकडे आणि पेन्शन इकडे, अशी घरात फाटाफूट होते. सेवेत असलेल्यांनी लग्न झालं की पार्ट टू ऑर्डरबरोबरच विम्याचं नॉमिनेशनही बदलावं. आई-वडील आणि पत्नी यांच्यात टक्केवारीने वाटणी लिहिता येते, आणि ती लिहिलेली बरी.

दुसऱ्याचं उत्तर. निवृत्तीनंतर मृत्यू झाला तर साधी फॅमिली पेन्शन शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के. पण सुरुवातीला वाढीव दर लागतो, ५० टक्के. हा वाढीव दर ७ वर्षं, किंवा गेलेल्या माणसाचं वय ६७ झालं असतं त्या तारखेपर्यंत, यातलं जे आधी येईल तिथपर्यंत. सेवेत असताना मृत्यू झाला तर वाढीव दर १० वर्षं. त्यावर महागाई सवलत वेगळी.

आकडे वेगवेगळे ऐकू येतात त्याचं कारण हेच. एका बाईंना ५० टक्के चालू असते, दुसरीला ३०. आणि मुदत संपली की एका महिन्यात पेन्शन एकदम खाली येते, तेव्हा लोकांना वाटतं बँकेने पैसे खाल्ले. पीपीओवर वाढीव दराची शेवटची तारीख छापलेली असते. ती कॅलेंडरवर लिहून ठेवा.

पेन्शनरचं किंवा फॅमिली पेन्शनरचं वय ८० झालं की मूळ पेन्शनच्या २० टक्के जादा मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि १०० ला शंभर टक्के. इथे पत्नीची जन्मतारीख लागते. पीपीओत ती नसेल किंवा नुसतं वर्ष असेल तर ही वाढ आपोआप लागत नाही. पहिल्या पोस्टमध्ये जन्मतारीख तपासायला सांगितली आहे ती याच्यासाठी.

---

मनीषा_ब

सेवेत असताना मृत्यू झाला तर दर वेगळे असतात, तेही लिहा. कारण तिथे बाईंच्या हातात पहिल्या महिन्यात सह्यांचे कागद येतात आणि कशावर सही करतोय हे कळत नाही.

---

जीडी_क्लार्क

बरोबर. मृत्यूचं कारण कोणत्या वर्गात धरलं यावर सगळं ठरतं. सेवेशी संबंध नसलेला मृत्यू म्हणजे वर्ग ए, त्याला साधी फॅमिली पेन्शन. सेवेमुळे झालेला किंवा सेवेमुळे बळावलेला आजार, ड्यूटीवरचा अपघात हे वर्ग बी आणि सी, त्यांना स्पेशल फॅमिली पेन्शन, शेवटच्या वेतनाच्या ६० टक्के. लढाई, सीमेवरची चकमक, अतिरेक्यांविरुद्धची कारवाई असे वर्ग डी आणि ई, त्यांना लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन, शेवटच्या वेतनाइतकी म्हणजे १०० टक्के.

केंद्राचं सानुग्रह अनुदानही यावरच ठरतं. १ जानेवारी २०१६ पासूनच्या दरांनुसार ड्यूटीवरच्या अपघाताला २५ लाख, सीमेवरची चकमक किंवा अतिरेक्यांविरुद्धच्या कारवाईला ३५ लाख, युद्धातल्या मृत्यूला ४५ लाख.

म्हणून युनिटकडून तीन कागदांच्या प्रती मागून ठेवा: मृत्यूची वर्गवारी दाखवणारा कागद, कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली असेल तर तिचा निष्कर्ष, आणि बॅटल कॅज्युअल्टी (लढाईतली हानी) धरलं असेल तर तसं पत्र. स्पेशल पेन्शनचा दावा नाकारला गेला तर साधी पेन्शन चालू होते आणि घरचे गप्प बसतात. गप्प बसू नका. नाकारल्याचं कारण लेखी मागा. त्यावर दिलेल्या मुदतीत पहिलं अपील, मग दुसरं अपील, आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. साधी पेन्शन घेत राहिल्याने अपिलाचा हक्क जात नाही.

---

वाईकर

पेन्शनर गेल्यावर पहिल्या आठवड्यात काय करायचं ते क्रमाने सांगाल का? गावाकडे दहावं-तेराव्यापर्यंत कोणी कागदाला हात लावत नाही.

---

कृष्णाकाठ

हात लावू नये असंच वाटतं, पण एक गोष्ट मात्र थांबवायची: एटीएममधून पैसे काढणं. पेन्शन मृत्यूच्या तारखेपर्यंतचीच देय असते, दुसऱ्या दिवसापासून फॅमिली पेन्शन. स्पर्शला कळवलं नाही तर पूर्ण पेन्शन जमा होत राहते. ती काढून तेराव्याला खर्च झाली की पुढे फॅमिली पेन्शनमधून वसूल होते. तीन-चार महिने कळवलं नाही तर वसुलीचा आकडा मोठा होतो आणि नेमका त्याच वेळी घरात दुसरं उत्पन्न नसतं.

मग मृत्यू दाखल्याच्या किमान दहा मूळ प्रती घ्या. दाखल्यावर नाव पीपीओप्रमाणेच लिहून घ्या. ग्रामसेवकासमोर पीपीओ ठेवायचा आणि सांगायचं, असंच लिहा. घरात सगळे 'तात्या' म्हणतात म्हणून दाखल्यावर 'तात्यासाहेब' येतं आणि मग जीडी_क्लार्क यांनी वर लिहिलेली सगळी वरात पुन्हा काढावी लागते.

स्पर्शच्या संकेतस्थळावर लॉगिन न करता पेन्शनरच्या मृत्यूची माहिती देता येते. पीपीओ नंबर, मृत्यूची तारीख, दाखल्याची स्कॅन प्रत. पत्नीचं नाव पीपीओत आधीपासून असेल आणि आधार-पॅन जुळत असेल तर पुढचं काम तिथल्या तिथे होतं: पॅन, आधार, रद्द केलेला चेक, फोटो. नाव पीपीओत नसेल तर फाईल रेकॉर्ड ऑफिसकडे वळते, आणि मग वेळ सांगता येत नाही.

ऑनलाइन जमत नसेल तर कॉमन सर्व्हिस सेंटर आहे, नेमून दिलेल्या बँक शाखांमधली स्पर्श सेवा केंद्रं आहेत. फक्त लॉगिनचा पासवर्ड सेंटरवाल्याच्या वहीत लिहून देऊ नका आणि नोंदणीत त्याचा मोबाइल नंबर टाकू देऊ नका. बऱ्याच घरांचं स्पर्श खातं तालुक्याच्या सेंटरवाल्याच्या मोबाइलला जोडलेलं असतं. ओटीपी त्याच्याकडे जातो. तो नंबर बदलून घ्या.

---

निवृत्त_लेखा

हयातीच्या दाखल्याबद्दल लिहितो. नोव्हेंबरात दाखला 'केला' म्हणतात आणि पुढे पेन्शन थांबते, असं दरवर्षी कितीतरी जणांचं होतं. कारण बहुतेक वेळा एकच.

जीवन प्रमाण ॲपमध्ये किंवा सेंटरवर फॉर्म भरताना मंजुरी देणारं कार्यालय आणि पेन्शन वाटणारं कार्यालय असे दोन रकाने येतात. सैन्यातल्या पेन्शनरने मंजुरीच्या रकान्यात डिफेन्स – पीसीडीए पेन्शन अलाहाबाद निवडायचं (यादीत अजून जुनंच नाव आहे) आणि वाटपाच्या रकान्यात स्पर्श – पीसीडीए पेन्शन्स अलाहाबाद. हवाई दलाचं मंजुरी कार्यालय वेगळं, सुब्रोतो पार्क. सेंटरवाला सवयीने वाटपाच्या रकान्यात बँक निवडतो, कारण पैसे बँकेत येतात. दाखला तयार होतो, प्रमाण क्रमांक येतो, एसएमएस येतो, सगळे खूष. पण दाखला गेला बँकेकडे, स्पर्शला काहीच मिळालं नाही.

दुसरी चूक पीपीओ नंबरची. स्पर्शवर आल्यावर नवा १२ अंकी पीपीओ नंबर मिळतो. जुना, तिरक्या रेघांचा नंबर टाकला तर जुळत नाही.

तिसरी गोष्ट बोटांची. शेतीकाम करणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचे ठसे उमटत नाहीत. तास-तासभर यंत्रावर बोट दाबत बसू नका. फेस ऑथेंटिकेशन वापरा. फोनवर आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण अशी दोन्ही ॲप लागतात. चेहऱ्यावर समोरून उजेड, मागे खिडकी नको, टोपी-फेटा उतरवून, डोळ्यांची उघडझाप करायची. अंथरुणाला खिळलेल्यांचंही घरच्या घरी होतं.

झाल्यावर आठवड्याने स्पर्शमध्ये शिरून पुढच्या दाखल्याची तारीख बदलली का बघा. बदलली असेल तरच काम झालं. ८० वर्षांवरच्यांना १ ऑक्टोबरपासून दाखला देता येतो, त्यांनी नोव्हेंबरच्या गर्दीत जाऊच नये.

जाता जाता: पेन्शन विकली असेल (कम्युटेशन) तर १५ वर्षांनी ती कपात थांबली पाहिजे. तारीख स्वतः मोजा. थांबली नसेल तर स्पर्शवर तक्रार नोंदवा, क्रमांक जपून ठेवा.

---

अनुराधा_नगर

दुहेरी पेन्शनबद्दल कोणी सांगेल? फौजेनंतर सरकारी नोकरी केली आणि मग मृत्यू झाला तर पत्नीला एकच निवडावी लागते असं ऐकलंय.

---

निवृत्त_लेखा

पूर्वी तसं होतं. २४ सप्टेंबर २०१२ पासून सैन्याची आणि नागरी सेवेची अशा दोन्ही फॅमिली पेन्शन मिळू शकतात. त्याआधी मृत्यू झालेल्यांच्या पत्नींनाही, आर्थिक लाभ मात्र त्या तारखेपासून. ज्यांनी तेव्हा एकच निवडली होती त्यांनी दुसरीसाठी अर्ज करावा. अजूनही अशा वृद्ध बायका सापडतात ज्यांना हे कोणी सांगितलेलंच नाही.

---

मनीषा_ब

ईसीएचएसवर लिहिते.

ही योजना १ एप्रिल २००३ पासूनची. निवृत्तीच्या वेळी एकदाच वर्गणी कापली जाते: हवालदारापर्यंत ३० हजार, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर ६७ हजार, अधिकारी १ लाख २० हजार. त्याच क्रमाने दवाखान्यात जनरल, सेमी-प्रायव्हेट आणि प्रायव्हेट वॉर्ड मिळतो. वॉर्ड वर चढवून घेतला तर फरक आपल्या खिशातून, हे भरती होतानाच विचारा.

नेहमीचा रस्ता: आधी पॉलिक्लिनिक (ईसीएचएसचा स्वतःचा दवाखाना), तिथून रेफरल, मग ईसीएचएसच्या यादीतला दवाखाना. रेफरल न घेता थेट गेलात आणि आजार तातडीचा नव्हता, तर बिल मिळत नाही. यावर वाद घालून उपयोग नसतो.

तातडीत, म्हणजे हार्ट ॲटॅक, पक्षाघात, अपघात, सर्पदंश अशा वेळी, जवळचा कुठलाही दवाखाना. यादीतला असेल तर कार्ड दाखवा, ऑनलाइन कळवायचं काम दवाखाना करतो. यादीतला नसेल तर घरच्यांनी ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवायचं. फोन करा, पण त्यावर थांबू नका, ईमेल किंवा लेखी पत्र देऊन पोच घ्या. बिल आधी आपण भरायचं, मग मूळ कागद पॉलिक्लिनिकमध्ये: तातडी होती असं डॉक्टरांचं प्रमाणपत्र, डिस्चार्ज कार्ड, बाबवार बिल, पैसे भरल्याच्या पावत्या, औषधांच्या चिठ्ठ्या, ईसीएचएस कार्डाची प्रत, रद्द केलेला चेक.

'एकूण औषधं ८६ हजार' अशी एका ओळीची पावती परत येते. प्रत्येक इंजेक्शन, प्रत्येक तपासणी वेगळी लिहून हवी. स्टेंट किंवा लेन्स बसवली असेल तर तिच्या वेष्टनावरचा स्टिकर बिलाला चिकटवलेला लागतो. दवाखान्यातून निघायच्या आधी हे मागा, महिनाभराने कोणी शोधून देत नाही. पैसे ठरलेल्या सीजीएचएस (केंद्र सरकारी आरोग्य योजनेच्या) दराने मिळतात, त्यामुळे मोठ्या शहरातल्या बिलाचा पूर्ण परतावा येईल असं गृहीत धरू नका.

पती गेले की त्यांचं कार्ड परत करून पत्नीने मूळ सभासद म्हणून नवं कार्ड करून घ्यायचं. मुलगा २५ वर्षांचा झाला, कमावू लागला किंवा त्याचं लग्न झालं की तो बाहेर. मुलगी लग्न होईपर्यंत किंवा कमावती होईपर्यंत. अपंग मुलाला वयाची अट नाही, पण त्याचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र आधी नोंदवलेलं हवं.

---

वाईकर

मुलांच्या शिष्यवृत्तीचं? गावात सगळे म्हणतात 'सैनिक बोर्डाचा फॉर्म' पण तो नेमका कुठला ते कुणालाच माहीत नाही.

---

स्पर्धापरीक्षा_फौजी

फॉर्म एक नाही, तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली पंतप्रधान शिष्यवृत्ती, केंद्रीय सैनिक बोर्डाची. इंजिनिअरिंग, मेडिकल, बीएड, बीबीए, बीसीए अशा व्यावसायिक पदवीसाठी. मुलींना महिना ३ हजार, मुलांना अडीच हजार, वर्षाची रक्कम एकदम खात्यात. बारावीला (किंवा ज्या परीक्षेवर प्रवेश घेतला तिला) किमान ६० टक्के हवेत. अर्ज पहिल्या वर्षीच करायचा, दुसऱ्या वर्षाला आठवण झाली तर उशीर झाला. पुढे दरवर्षी नूतनीकरण, किमान ५० टक्के आणि सर्व विषयांत पास. पदव्युत्तरला एमबीए आणि एमसीए सोडून चालत नाही. तीन परिशिष्टं अपलोड करायची: एक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं, दुसरं कॉलेजचं बोनाफाइड, तिसरं बँकेचं. साधं बोनाफाइड चिकटवलं की अर्ज परत. ठरलेल्या नमुन्यावरच प्राचार्यांची सही-शिक्का हवा. खातं मुलाच्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं हवं.

दुसरी, रक्षामंत्री कल्याण निधीतली मदत, हवालदार हुद्द्यापर्यंत. हिचे दर दुप्पट झाले आहेत, १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना लागू. शिक्षणाला प्रत्येक मुलामागे महिना २ हजार, दोन मुलांपर्यंत, पहिली ते पदवी. मुलीच्या लग्नाला १ लाख, दोन मुलींपर्यंत, विधवेच्या पुनर्विवाहालाही. पेन्शन नसलेल्या ६५ वर्षांवरच्या माजी सैनिकाला किंवा विधवेला महिना ८ हजार. लग्नाच्या मदतीचा अर्ज लग्नानंतर १८० दिवसांत. विवाह नोंदणी लांबवतात आणि मुदत हुकते, म्हणून नोंदणी त्याच महिन्यात.

तिसरी, प्रवेशातलं आरक्षण. राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेशात सैनिकांच्या मुलांना ५ टक्के जागा असतात. सीईटीचा अर्ज भरतानाच डिफेन्सचा रकाना निवडायचा: महाराष्ट्राचा रहिवासी माजी सैनिक एक, रहिवासी सेवारत दोन, बदलीवर आलेला तीन. चुकीचा निवडला तर पडताळणीत मूल साध्या यादीत जातं.

या तिन्हींसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातली नोंदणी पायाभूत आहे. राज्यात ती महासैनिक पोर्टलवरूनही होते. जिल्हा बदलला असेल तर जुन्या जिल्ह्याची ना-हरकत घेऊन नोंदणी हलवा. घरपट्टीची माफी (राज्यात २०२० पासून, एका घरापुरती) मिळवायलाही त्यांचंच प्रमाणपत्र लागतं.

---

खडकी_सॅपर

आता नोकरी. माजी सैनिकांच्या जागा भरपूर निघतात आणि माणसं कागदावर बाद होतात.

---

स्पर्धापरीक्षा_फौजी

हो. राज्यात गट क आणि गट ड मध्ये १५ टक्के. केंद्रात गट क ला १० आणि जुन्या गट ड ला २० टक्के. सरकारी बँका आणि केंद्राच्या सार्वजनिक कंपन्यांत १४.५ आणि २४.५ टक्के, यातले ४.५ टक्के अपंग माजी सैनिक आणि कारवाईत मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबीयांसाठी.

पहिला गैरसमज इथेच. माजी सैनिकाच्या मुलाला या १५ टक्क्यांत नोकरी मिळत नाही. दरवर्षी कितीतरी मुलं अर्जात 'माजी सैनिक – होय' करतात, मेरिटला येतात आणि कागद तपासणीत बाद होतात.

दुसरा. हे समांतर आरक्षण आहे. म्हणजे जागा प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आत असतात. खुल्या ४० जागा असतील तर त्यातल्या ६ माजी सैनिकांच्या. इतर मागासवर्गाच्या १९ असतील तर त्यातल्या ३. त्या ३ वर दावा करायचा तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर दोन्ही हवे. फौजेत सोळा-सतरा वर्षं गेल्यामुळे हे दाखले काढलेले नसतात. शेवटच्या वार्षिक सुट्टीत तहसीलचं हे काम उरकून घ्या.

वय. केंद्राच्या पद्धतीने प्रत्यक्ष वयातून सेवेची वर्षं वजा करायची आणि उरलेलं वय मर्यादेपेक्षा ३ वर्षांहून जास्त नको. वय ४१, सेवा २०, उरले २१. मर्यादा २७ असेल तरी आरामात बसतो. राज्याच्या जाहिरातीत 'सेवेइतका कालावधी अधिक ३ वर्षे' असं लिहिलेलं असतं.

शिक्षण. पदवी नसेल पण दहावी पास आणि १५ वर्षं सेवा असेल तर गट क च्या अनेक पदांना ती पदवीसमान धरतात. मात्र तांत्रिक पदांना नाही, आणि त्या जाहिरातीत तशी ओळ आहे का हे शोधून वाचा.

निवृत्तीला एक वर्ष राहिलं असेल तेव्हापासून अर्ज करता येतो, युनिटचं प्रमाणपत्र जोडून. पेन्शन न मिळवता स्वतःच्या विनंतीवरून बाहेर पडलेला मात्र माजी सैनिक धरला जात नाही.

सगळ्यात महाग पडणारी चूक: एका नोकरीत माजी सैनिक म्हणून रुजू झालात की केंद्रात तो हक्क वापरून झाला. पण रुजू होण्याआधी इतरत्र अर्ज केलेले असतील तर १४ ऑगस्ट २०१४ च्या आदेशाने वाट आहे. रुजू होताक्षणी सगळ्या प्रलंबित अर्जांची यादी, तारीख आणि पदासह, लेखी स्वरूपात पहिल्या मालकाला द्यायची आणि पोच घ्यायची. ही यादी दिली तरच त्या अर्जांना हक्क टिकतो. बँकेत क्लार्क म्हणून लागलेले पुढे अधिकारी पदाच्या निकालात इथेच अडकतात.

---

वाईकर

सिक्युरिटीच्या नोकऱ्या? गावात बहुतेक जण तिकडेच जातात.

---

खडकी_सॅपर

राज्यात मेस्को आहे, महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ, पुण्याला मुख्य कार्यालय. सरकारी-निमसरकारी ठिकाणी सुरक्षारक्षक पुरवतात. नोंदणी करून ठेवा. केंद्राकडे पुनर्वसन महासंचालनालय आहे, त्याच्या यादीवरच्या सुरक्षा कंपन्या माजी सैनिकांच्याच असतात.

कुठेही लागा, तीन गोष्टी पहिल्या महिन्यात मागा: नेमणुकीचं पत्र, पगाराची चिठ्ठी, भविष्य निधीचा यूएएन (खात्याचा कायमचा क्रमांक). बारा तासांची ड्यूटी आणि आठ तासांचा पगार हा प्रकार फार चालतो, आणि चिठ्ठी हातात नसेल तर कामगार कार्यालयात काही दाखवता येत नाही.

---

निवृत्त_लेखा

सरकारी नोकरी लागली तर अजून एक. अधिकारी हुद्द्याखालच्यांची पूर्ण सैनिकी पेन्शन पगारनिश्चितीत दुर्लक्षित धरतात. पगार त्या पदाच्या किमान टप्प्यावर निश्चित झाला असेल तर पेन्शनवरची महागाई सवलतही चालू राहते. नव्या कार्यालयाकडून तसं प्रमाणपत्र घेऊन ठेवा, नाहीतर पुढे एकदम वसुली निघते.

---

मनीषा_ब

अग्निवीरांना यातलं काय लागू?

---

स्पर्धापरीक्षा_फौजी

फार थोडं. चार वर्षांनी सेवा निधीचे साधारण ११.७१ लाख, आयकरमुक्त. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, त्यामुळे वरचे १५ टक्के आपोआप लागत नाहीत. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांमध्ये २०२२ साली १० टक्के राखीव जाहीर झाले, वयात सवलत ३ वर्षं, पहिल्या तुकडीला ५. पहिली तुकडी २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला गेली, म्हणजे तिची चार वर्षं २०२६ अखेरपासून भरू लागतात. ज्यांच्या घरात असा मुलगा आहे त्यांनी त्याचा जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर आणि अधिवास आत्ताच काढायला घ्या. जाहिरात निघाल्यावर तहसीलमध्ये रांग लागते.

---

अनुराधा_नगर

शेवटचा प्रश्न. पीपीओत पत्नीचं नावच नाही, पती ७८ वर्षांचे, अंथरुणावर, सही करता येत नाही. अशा वेळी अर्ज कसा करायचा?

---

जीडी_क्लार्क

थांबू नका, लगेच करा. सहीच्या जागी डाव्या अंगठ्याचा ठसा चालतो, दोन साक्षीदारांच्या सह्या आणि पत्त्यांसह. ठसा राजपत्रित अधिकाऱ्याकडून किंवा जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याकडून साक्षांकित करा. कार्यालयाला पत्र दिलंत तर घरी येणाऱ्या कल्याण संघटकाकडून ओळख पटवून घेता येते, तशी विनंती लेखी करा. डॉक्टरांचं पत्र जोडा की माणूस शुद्धीवर आहे पण हात चालत नाही. दोघांचा एकत्र फोटो पलंगावर बसवूनच काढा, चेहरे स्पष्ट हवेत. विवाह नोंदणी, दोघांची आधार-पॅन, मुलांच्या शाळेच्या दाखल्यांवर आईचं नाव असेल तर त्याच्या प्रती. डिस्चार्ज बुकमधल्या कुटुंबाच्या पानाची झेरॉक्स सगळ्यात वर लावा. त्या पानावर पत्नीचं नाव असेल तर अर्धं काम झालेलं आहे, फक्त ते पीपीओत उतरवायचं राहिलं. ते पान आधी बघा आणि काय लिहिलंय ते इथे कळवा.